फॉस्टरचा कुत्रा एकटा राहिला की दार कुरतडतो: कारण कसं ओळखायचं आणि काय करायचं

माणूस घरात असला की कुत्रा अगदी शहाणा. पायाशी झोपतो, ताटाकडे बघतसुद्धा नाही. दार ओढून खाली दूध आणायला गेलं, की दहा मिनिटांत चौकटीचं लाकूड सोललेलं, पायपुसण्याच्या चिंध्या, दारामागे लाळेचा ओला पट्टा आणि मोबाइलवर शेजारच्या काकूंचे दोन मिस्ड कॉल. फॉस्टर करणाऱ्या, म्हणजे दत्तक जाईपर्यंत कुत्रा सांभाळणाऱ्या घरांतून ही तक्रार सारखी येते. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: पिंजऱ्यात ठेवा, दमवून जा, खेळणं देऊन जा, दुसरा कुत्रा आणा. यातले बहुतेक अर्धवट आहेत आणि एक-दोन तर त्रास वाढवणारे.

याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. एकटं पडल्यावर कुत्रा घाबरून सैरभैर होतो आणि बाहेर पडायची वाट शोधतो. घाबरलेल्या जिवाला त्या क्षणी काही शिकवता येत नाही; उलट प्रत्येक वेळी घाबरला की पुढच्या वेळी तो आणखी लवकर घाबरतो. त्यामुळे सगळं काम एका आकड्याभोवती फिरतं: हा कुत्रा न घाबरता एकटा किती वेळ राहू शकतो? तो आकडा ४० सेकंद असेल तर ४० सेकंद. आधी तो शोधायचा, मग तो ओलांडायचा नाही, आणि मग तो हळूहळू वाढवायचा.

आधी व्हिडिओ, मग निदान

कुरतडलेली चप्पल बघून कारण कळत नाही. जुना फोन किंवा साधा वायफाय कॅमेरा कपाटावर किंवा फ्रिजवर ठेवा. तोंड मुख्य दाराकडे असू द्या, कारण जे काही घडतं ते तिथेच घडतं. चार्जरची वायर त्याच्या तोंडाला लागेल अशी लोंबकळत ठेवू नका. नेहमीसारखे बाहेर पडा आणि दुसऱ्या फोनवर थेट बघा. व्हिडिओ कॉल लावला असेल तर तुमच्या बाजूचा माइक बंद ठेवा, नाहीतर तुमचा आवाज ऐकून तो गोंधळेल. दाराला दात लावले किंवा जोरात पंजे मारायला लागला की लगेच परत या. निदानासाठी त्याला अर्धा तास तडफडू द्यायची गरज नाही.

बघायचं ते हे. सेपरेशन अँग्झायटीचा कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासात, बऱ्याचदा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतो. दाराच्या फटीला नाक लावून हुंगतो, दार ते खिडकी अशा फेऱ्या मारतो, गार दिवसातही धापा टाकतो, ओठ चाटतो, लागोपाठ जांभया देतो, लाळ गाळतो. मग एकसुरी भुंकणं किंवा गळा काढणं, आणि शेवटी दार, चौकट, खिडकीची जाळी. नुकसान बाहेर जायच्या वाटांवर एकवटलेलं असतं. आवडीचं खाणं समोर असलं तरी तोंड लावत नाही.

कंटाळलेला कुत्रा वेगळा दिसतो. आधी झोपतो, तास-दोन तासांनी उठतो, आळस देतो, कचऱ्याचा डबा पाडतो, उशी फाडतो आणि मध्येच परत आडवा होतो. त्याचं अंग सैल असतं. त्याला फिरणं, हुंगणं, चघळायला काहीतरी मिळालं की भागतं. चार ते सात महिन्यांचं पिल्लू दात येताना सगळंच चावतं, तेही घरात माणसं असताना. लिफ्ट थांबली किंवा पार्सलवाला आला की भुंकणारा कुत्रा आवाज गेला की गप्प होतो. फटाके, ढोल-ताशा, विजांचा कडकडाट यांना घाबरणारा तुम्ही जवळ असतानाही पलंगाखाली शिरतो. आणि रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला घरात लघवी करायची नसते हे मुळात कुणी शिकवलेलंच नसतं, म्हणून नुसत्या लघवीवरून काही ठरवू नका.

दोन गोष्टी मुद्दाम तपासा. एक, तो खोलीत कोंडला म्हणून घाबरतो की एकटा पडला म्हणून? दार बंद केलेल्या बेडरूममध्ये थैमान घालणारे काही कुत्रे हॉल मोकळा दिला तर सोफ्यावर जाऊन झोपतात. तसं असेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला. दोन, त्याला नेमकं तुम्हीच हवे असता की कुणीही माणूस चालतं? शेजारच्या आजी येऊन बसल्या आणि तो निवांत झाला, तर तुमच्यापुढची अडचण बरीच हलकी आहे. असे कुत्रे पुष्कळ असतात.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे एकदा घेऊन जा. रक्ताची तपासणी (आपल्याकडे गोचिडांचा ताप लपून बसलेला असतो), लघवीची तपासणी, दात, कान, त्वचेची खाज, आणि वयस्कर कुत्रा असेल तर सांधे. दुखणं असलेला कुत्रा एकटेपणात जास्त बेचैन होतो आणि त्या दुखण्याचं निदान झाल्याशिवाय सराव पुढे सरकत नाही. नसबंदी नुकतीच झाली असेल तर टाके भरेपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, दारावर उड्या मारण्याची वेळच त्याच्यावर येऊ देऊ नका.

नुकसान थांबवणं आणि जीव वाचवणं

फ्लॅटचं मुख्य दार जवळून बघा. खालच्या दोन फुटांत पंजाचे उभे ओरखडे असतात, लॅचच्या बाजूच्या चौकटीवर दातांचे खड्डे असतात. सनमायका लावलेलं दार जास्त धोक्याचं, कारण त्याचे पापुद्रे धारदार निघतात आणि हिरडीत घुसतात. लाकडाचे कूस नखाखाली शिरतात. लोखंडी सेफ्टी डोअरची जाळी चावणाऱ्या कुत्र्याचे सुळे तुटतात. रोज एकदा ओठ वर करून हिरड्या बघा आणि नखांच्या मुळाशी रक्त आहे का ते बघा.

दार झाकायला हार्डवेअरच्या दुकानातून २ मिलिमीटर जाडीची सपाट, भरीव पॉलिकार्बोनेट शीट घ्या. अॅक्रिलिक नको, ते तडकतं आणि काचेसारखे तुकडे होतात. मध्यम बांध्याचा देशी कुत्रा मागच्या पायांवर उभा राहिला की पंजे साधारण चार फुटांपर्यंत पोचतात, तेवढ्या उंचीपर्यंत शीट हवी. खरी मेख कडांना आहे: कड मोकळी राहिली की तो तिथेच दात घालतो आणि अख्खी शीट उचकटतो. म्हणून चारी कडा लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूने बसवा. चौकटीच्या कोपऱ्यावर एक इंची अॅल्युमिनियम अँगल बसवला की चावायला धार उरत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा. भोकं पाडायची नसतील तर जाड डबल टेप चालतो, पण मग कडांकडे रोज लक्ष ठेवावं लागतं.

दाराचा मूठदांडा खाली दाबून उघडणारा असेल तर कुत्रे ते शिकतात. वरची कडी बाहेरून लावता येईल अशी सोय करा. गॅलरीचं दार पक्कं बंद. मच्छरदाणीची जाळी म्हणजे अडसर नव्हे. घाबरलेला कुत्रा ती फाडून वरच्या मजल्यावरूनही उडी टाकू शकतो. सरकत्या खिडक्यांना आतून लॉक हवं, आणि ग्रिलच्या दोन गजांमधून डोकं जात नाही ना तेही बघा.

टीव्ही, राउटर, फ्रिज यांच्या वायरी चार फुटांच्या वर किंवा पट्टीत घाला, नको ती बटणं बंद करा. ओट्यावर उडी मारणारा असेल तर गॅसचा रेग्युलेटर बंद करूनच बाहेर पडा. डांबरगोळ्या, उंदराचं औषध, डास पळवणाऱ्या मशीनची बाटली, माणसांची औषधं वरच्या कपाटात. मोजे आणि उशीतला स्पंज हे कुत्र्याच्या आतड्यात अडकणारे नेहमीचे गुन्हेगार आहेत. वारंवार उलटी, जेवण सोडलं, शी झाली नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका.

लघवी झालेली जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियाचा वास असलेलं काही वापरलं तर ती जागा त्याला पुन्हा लघवीचीच वाटते, आणि फिनाइल तर जमीन चाटणाऱ्या प्राण्याच्या आसपास वापरूच नये.

पिंजऱ्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ज्याला पिंजऱ्यात आपणहून जाऊन झोपायची सवय आहे त्याच्यासाठी पिंजरा उत्तम. घाबरलेल्या कुत्र्याला त्यात कोंडून बाहेर पडणं म्हणजे दात तुटणं, नाकाची कातडी सोलणं आणि गजात पंजा अडकणं. घर वाचतं, कुत्रा वाचत नाही. दोरीने बांधून जाणंही तसंच: फास बसायचा धोका आहेच, शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं क्रूरतेत मोडतं. एकट्याला मझल (मुसकी) घालून जाऊ नका, त्याला नीट धापा टाकता येत नाहीत आणि उन्हाळ्यात अंग तापून जीव जाऊ शकतो. दाराला मिरचीपूड चोळणं, शॉक देणारा पट्टा, भुंकलं की फवारा मारणारा पट्टा, हे सगळं भीतीवर आणखी भीती चढवतं.

सराव कसा घ्यायचा

नवीन घरात आल्यावर पहिले आठ-दहा दिवस जेवण, फिरणं आणि झोप यांच्या वेळा ठरू द्या. या काळात त्याला एकटं ठेवायचं नाही. काही कुत्र्यांची धास्ती निव्वळ घरबदलाची असते आणि एवढ्यात ओसरते. ओसरली नाही तर सराव सुरू करा.

व्हिडिओतून त्याचा आकडा काढा. अस्वस्थतेची पहिली खूण (कान मागे जाणं, उठून दाराशी येणं, श्वास वाढणं) कितव्या सेकंदाला दिसली? भुंकणं ही पहिली खूण नव्हे, ते फार उशिराचं आहे. समजा पहिली खूण ४० व्या सेकंदाला दिसली, तर पहिल्या दिवसाचं मोठ्यात मोठं बाहेर जाणं ३० सेकंदांचं. एक सत्र साधारण असं जातं:

१. दाराच्या मुठीला हात लावा, परत येऊन बसा.
२. दार उघडा, बंद करा, परत या.
३. बाहेर पडा, दार लोटा, २ सेकंदांत आत.
४. मग ५ सेकंद, ३ सेकंद, १० सेकंद, ४ सेकंद. चढता क्रम नको, पुढची वेळ त्याला ओळखू येता कामा नये.
५. शेवटी एकदा ३० सेकंद, आणि सत्र संपलं.

दोन वेळांच्या मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबा. आत आल्यावर लाड नकोत आणि तोंड फिरवूनही बसू नका; सहज वागा. तो दाराशी उभा असेल तर परत पलंगावर किंवा चटईवर सैल होईपर्यंत पुढची फेरी नाही. सगळं मिळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून एकदा, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस सुट्टी द्या. सलग रोज घेतलेल्या सरावाने कुत्रे चिडचिडे होतात असं अनेकदा दिसतं.

दुसऱ्या दिवशी काय करायचं ते कालचा व्हिडिओ ठरवतो. शेवटच्या ३० सेकंदांत तो आडवा राहिला किंवा उभा राहूनही अंग सैल होतं, तर ३५ सेकंद. दाराशी येऊन हुंगत राहिला तर तेवढंच पुन्हा. कुणकुणला तर निम्मं. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुद्दाम सोपं सत्र घ्या.

एक मिनिट झालं की दाराबाहेर उभं राहणं बंद करा. तुम्ही तिथेच आहात हे त्याला वासाने आणि आवाजाने कळतं, आणि दाराआड उभ्या माणसाची वाट बघत तो जागा राहतो. जिन्यापर्यंत जा, मग एक मजला खाली. लिफ्ट ही वेगळी पायरी समजा, कारण आपल्या इमारतींत लिफ्टच्या दाराचा खणखणाट म्हणजे ‘गेले’ असं कुत्र्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. तसंच स्कूटर सुरू होण्याचा आवाज. किल्ली, हेल्मेट, ऑफिसची बॅग, बूट यांचंही तसंच: आधी नुसत्या दाराचा सराव पक्का करा, मग एकेक वस्तू त्यात घाला, आणि जी नवीन वस्तू आली त्या दिवशी वेळ कमी करा. दिवसभर उगाच किल्ल्या वाजवत फिरायचा जुना सल्ला काही कुत्र्यांना उलट दिवसभर कान टवकारून ठेवायला लावतो.

वेळ निवडताना इमारतीकडे बघा. दूधवाला, कचरागाडी, शाळेची बस, भांड्यांच्या मावशी यांच्या वेळा टाळा. दुपारी दोन ते चार बहुतेक ठिकाणी शांत असतं. वॉचमन आणि समोरच्या घरी सांगून ठेवा की जिन्यात भेटलो तरी चार दिवस बोलणार नाही. गप्पांत गेलेले दोन मिनिट अख्ख्या आठवड्याचं काम उलटवू शकतात. विजा कडाडत असतील, मिरवणूक जाणार असेल किंवा दिवाळीची संध्याकाळ असेल तर त्या दिवशी सराव नाहीच.

शून्य ते ३०-४० मिनिटं हा सगळ्यात लांब आणि कंटाळवाणा टप्पा असतो. आठवडे जातात, कधी महिने. एकदा तो पार पडला की वाढ ५, मग १०, मग १५ मिनिटांच्या उड्यांनी होते. तिथवर पोचायच्या आधी धीर सोडणारी घरं जास्त, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

सरावात खाणं ठेवू नका. भरलेलं कॉंग (आत खाऊ भरायचं पोकळ रबरी खेळणं) चाटत असेपर्यंत तो तुमच्याकडे लक्ष देत नाही, आणि ते रिकामं झालं की एकदम जाणवतं की घरात कुणी नाही. मग काही कुत्र्यांना कॉंग दिसलं की आपण जाणार हे कळतं आणि ते त्याला शिवतसुद्धा नाहीत. तुम्ही घरी असताना मात्र खुशाल द्या: दही आणि उकडलेला भोपळा भरून फ्रिजरमध्ये गोठवलेलं कॉंग उन्हाळ्यात छान चालतं. पीनट बटर घेताना डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते वाचा, ते कुत्र्याला विषारी आहे. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेटही नको.

घोडं अडतं ते इथे

सरावात दीड मिनिट, पण भाजीला जाताना अर्धा तास एकटा. यात सुधारणा होणार नाही. सरावाबाहेर एकदाही आकडा ओलांडायचा नाही हा नियम ऐकायला अशक्य वाटतो, पण याच्याशिवाय बाकी सगळं फुकट जातं. घरात दोघे असाल तर वेळा वाटून घ्या. ऑफिस असेल तर डे-केअर, इमारतीतला अभ्यास करणारा कॉलेजचा मुलगा, निवृत्त काका-काकू, दुसरं फॉस्टर घर. तो कुणाहीजवळ राहतो का हे आधी तपासलंय, त्याचा उपयोग इथे होतो. ज्या संस्थेकडून किंवा रेस्क्यू करणाऱ्याकडून कुत्रा आला त्यांना स्पष्ट सांगा की डे-केअरचा खर्च किंवा माणूस हवा आहे. फॉस्टरने एकट्याने ओढायचं हे काम नाही. गाडीत बसवून सोबत नेणं हिवाळ्यातही नीट विचार करून करा, आणि बंद गाडीत सोडून दुकानात जाणं तर कधीच नाही.

तासभर बसायला लागला आणि एका दिवसात सगळं मोडलं. बहुधा एखाद्या दिवशी वेळ जास्त झाली, किंवा तो एकटा असताना फटाका वाजला. मागे या: शेवटच्या यशाच्या तिसऱ्या हिश्शावर. दोन-तीन सत्रं सोपी गेली की पूर्वीपेक्षा लवकर वर चढतो. तिथेच हट्टाने अडून राहिलात तर रोज एक अपयश जमा होतं.

बाथरूमपर्यंत पाठलाग. हे वाईट नाही, आणि त्याला दटावून दूर बसवल्याने एकटं राहायला येत नाही. जवळ घेतल्याने भीती वाढते हाही गैरसमज आहे. फक्त घरातल्या घरात छोटी अंतरं ठेवत जा: चटईवर बसवून स्वयंपाकघरात जाऊन परत या, आधी उघड्या दाराने, मग लोटलेल्या.

सकाळी नीट राहतो, संध्याकाळी नाही. थकवा, इमारतीतली वर्दळ आणि भूक यांचा परिणाम असतो. दोन्ही वेळांचे आकडे वेगळे धरा, सरासरी काढू नका. बाहेर पडण्यापूर्वी ३०-४० मिनिटं हुंगत हुंगत फिरवून आणा, शी-लघवी होऊ द्या, थोडं खायला द्या आणि घरी येऊन निदान वीस मिनिटं शांत होऊ द्या. चेंडूमागे धाप लागेस्तोवर पळवून तसंच कुलूप लावलं तर तो दमलेला नसतो, पेटलेला असतो.

दुसरा कुत्रा आणावा का? ज्यांची धास्ती माणूस जाण्याची आहे त्यांना दुसऱ्या कुत्र्याचा आधार वाटेलच असं नाही, आणि कधी दोघेही भुंकायला लागतात. ओळखीचा शांत कुत्रा दोन तासांसाठी आणून, कॅमेरा लावून बघा. त्यावरून काय ते कळेल.

घरी आल्यावर ओरडायचं का? नाही. मान खाली, कान मागे, डोळे चुकवणं याला आपण ‘चूक कळली’ म्हणतो. २००९ साली न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी हे तपासलं होतं: कुत्र्याने खाऊ चोरला होता की नव्हता याने त्या चेहऱ्यात फरक पडला नाही, मालक रागावला की नाही याने पडला. ओरडल्याने त्याला एवढंच कळतं की माणूस जाणंही भीतीचं आणि माणूस परत येणंही भीतीचं.

औषधाचा विचार कधी करायचा

स्वतःला इजा करून घेणारा, काही सेकंदही न राहू शकणारा, किंवा तीन-चार आठवडे नियमाने सराव करूनही जागचा न हललेला कुत्रा असेल तर औषध हा शेवटचा उपाय समजू नका. तो आधीच हवा होता. क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुऑक्सेटिनला २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मान्यता दिली, दोन्ही वेळा सरावाच्या जोडीने द्यायचं असं सांगून. ही रोजची औषधं आहेत. चार ते सहा आठवड्यांनी फरक दिसायला लागतो, त्यामुळे आठ दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून बंद करणं चूक. सुरुवातीला भूक मंदावते, थोडी सुस्ती येते. ट्रॅझोडोनसारखं औषध डॉक्टर कधी ठरावीक प्रसंगापुरतं देतात, पण तो त्यांचा निर्णय. मात्रा वजनावर आणि तपासणीवर ठरते; घरातल्या माणसाच्या गोळीचा तुकडा देऊ नका.

डॉक्टरांना तीन गोष्टी न विचारता सांगा. गोचिडांसाठी अमिट्राझचं पाणी लावलं आहे का, किंवा तसला पट्टा गळ्यात आहे का. या औषधांबरोबर ते चालत नाही. कुत्र्याला कधी झटके आले आहेत का. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्या रेस्क्यू कुत्र्यांत कधी झटके राहतात आणि फ्लुऑक्सेटिन अशांना देत नाहीत. आणि दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू आहे का. नुसती गुंगी आणणारं एसिप्रोमॅझिन कुणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या: त्याने अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते.

शेजारी आणि सोसायटी

भुंकण्याची तक्रार येण्याआधी तुम्ही जा. कुत्रा नवीन आहे, उपचार चालू आहेत, माझा नंबर हा, भुंकला तर वेळ कळवा. शेजाऱ्याने कळवलेली वेळ ही तुमच्या नोंदवहीत उपयोगी पडते. सोसायटीने ‘कुत्राच नको’ असा ठराव दाखवला तर २०१५ ची भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं दाखवा. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं त्यांत म्हटलं आहे. पण कागद दाखवून रात्री झोप लागत नाही हेही खरं, म्हणून भुंकणं थांबवायचं काम चालू ठेवायचं.

दत्तक देताना

फॉस्टरच्या सहा-आठ आठवड्यांत हा त्रास पूर्ण बरा होईलच असं नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली की लोक आकडा ओलांडतात. फॉस्टर घराने कारण पक्कं करायचं, आकडा शोधायचा, औषध लागत असेल तर सुरू करून घ्यायचं आणि खरं सांगून पुढे द्यायचं. ‘जरासा खोडकर आहे’ असं लिहून दिलेला कुत्रा महिन्याभरात परत येतो, आणि परत आलेल्या कुत्र्याचा आकडा आधीपेक्षा खाली गेलेला असतो.

एका पानावर लिहून द्या: सध्या किती मिनिटं राहतो, पहिली खूण कोणती, कोणत्या वस्तूंनी बिचकतो, कोंडलेलं चालतं का, दुसऱ्या माणसाजवळ राहतो का, जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा, औषधाचं नाव, मात्रा आणि पुढची तपासणी. शेवटच्या दोन सत्रांचे व्हिडिओ फोनवर पाठवा, लिहिलेल्यापेक्षा ते जास्त सांगतात. घर बघायला जाल तेव्हा दिवसभर घरी कोण असतं हे पहिलं विचारा. दोघेही नऊ ते सात बाहेर आणि डे-केअरची तयारी नाही, अशा घराला हा कुत्रा देऊ नका, घर कितीही प्रेमळ असलं तरी.

नेताना त्याची न धुतलेली चादर आणि रोजचं भांडं सोबत द्या. शक्य असेल तर शुक्रवारी द्या, म्हणजे पहिले दोन दिवस कुणीतरी घरी असेल. चार-पाच दिवस सुट्टी काढता आली तर फारच चांगलं. नव्या घरात आकडा पुन्हा शून्यावरून मोजायचा, जुना आकडा गृहीत धरायचा नाही. औषध निदान पहिले दोन-तीन महिने तेच राहू द्यायचं, आणि बंद करायचं झालं तर डॉक्टर सांगतील तसं टप्प्याटप्प्याने, एकदम नाही. गोळ्यांची पुढच्या महिन्याची चिठ्ठी कुत्र्याबरोबरच द्या, कारण ही औषधं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि नव्या घरचा पहिला आठवडा डॉक्टर शोधण्यात गेला तर मध्ये खंड पडतो.